सहकारी साखर कारखान्यांमुळे ग्रामीण महाराष्ट्रातील वर्गभेद मिटला, असे म्हणता येईल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिले आहे की तुमचे आजोबा कारखान्याचे संस्थापक सभासद होते, आणि वार्षिक सभेत दोन एकरवाला व चाळीस एकरवाला एकाच सतरंजीवर बसत असत. ते खरे आहे. मीही कृष्णाकाठच्या सभासदाच्याच घरातला आहे. एका सभासदाला एक मत आणि सर्वांच्या उसाला सारखा दर, ही गोष्ट प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात प्रत्यक्षात आली आणि पुढे तिच्या मागोमाग रस्ते, दूधसंघ, महाविद्यालये आली, हे मी नाकारत नाही. मात्र त्या सतरंजीवर ज्यांना कधीच जागा नव्हती त्यांच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमचा प्रश्न वाचून मला माझी जुनी नोकरी आठवली.

२००६-०७ च्या हंगामात मी एका सहकारी कारखान्यात स्लिपबॉय होतो. त्या वर्षी ऊस इतका होता की ऐन उन्हाळ्यातही गाळप चालू होते. फडावर जाऊन प्रत्येक ट्रॉलीची पावती फाडायची आणि संध्याकाळी शेतकी ऑफिसात काट्यावरच्या वजनांशी ती जुळवायची, एवढेच माझे काम होते. पावतीवर सभासदाचे नाव, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, ट्रॅक्टरचा नंबर, वाहतूक कंत्राटदाराचा कोड असे सगळे रकाने होते. माझ्या गटात बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडची दहा कोयत्यांची, म्हणजे दहा जोडप्यांची, ऊसतोड टोळी होती, आणि ज्या ट्रॅक्टरमागे ती चालत होती तो माझ्या थोरल्या काकांचा होता. तोडणी-वाहतुकीचा करारही त्यांच्याच नावावर होता.

त्या टोळीतील एक बाई सातवीपर्यंत शिकलेली होती. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला विचारून ती प्रत्येक खेपेचे वजन मुलाच्या वहीत मागच्या पानापासून लिहीत असे. एकदा पावती फाडताना तिने ती माझ्या हातातून घेऊन वाचली आणि विचारले, "भाऊ, ह्याच्यात आमचं नाव कुठंय?" तोडणाऱ्याच्या नावाचा रकाना पावतीवर नव्हता. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन मोटरसायकलला किक मारली. वास्तविक तिचे स्वतःचे नाव तर मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्या मध्यस्थाच्या, वहीतही नव्हते. तेथे नवऱ्याचे नाव आणि त्यापुढे 'एक कोयता' एवढेच असते, कारण नवरा-बायको मिळून कोयता एकच धरला जातो.

हंगाम संपत आला तेव्हा मुकादमाने हिशेब सांगितला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे टोळीने २,१९० टन ऊस तोडला होता, त्यातून खाडे वजा जाता कोणाचीच उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली नव्हती आणि प्रत्येकाकडे बाकी निघत होती. बाईच्या वहीतला आकडा बराच मोठा होता. तिने तो मला दाखवला, आणि मी दोन रात्री बसून पावत्यांची बेरीज केली. बेरीज २,४६० टन आली. फरक २७० टनांचा, म्हणजे कोयत्यामागे २७ टनांचा होता. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, हे लक्षात घेतले तर दोन माणसांची पंधरवड्याची मेहनत हिशेबातून गेली होती. मी ती बेरीज एका कागदावर लिहून तिला दिली.

दुसऱ्या दिवशी तो कागद काकांच्या हातात होता. संचालक मंडळाच्या निवडणुकीसाठी ते पॅनेलमध्ये येण्याच्या खटपटीत होते. त्यांनी मला ओसरीवर उभे करून विचारले, "ते आपले सभासद आहेत का?" मी गप्प बसलो, कारण त्या प्रश्नाला माझ्याकडे नियमातले एकच उत्तर होते. ते सभासद नव्हते आणि होऊही शकत नव्हते. सभासद व्हायला उसाची जमीन लागते. पुढच्या हंगामात मला कामावर घेतले नाही. हंगाम संपून पट्टा पडला, टोळीच्या कोप्या (झोपड्या) मोडल्या, आणि ती टोळी बाकी डोक्यावर घेऊन गेली. मुकादमाने वही बदलली नाही.

काकांचा युक्तिवाद आजही तोच आहे: "कामाआधी लाखभर रुपये रोख हातावर ठेवणारा दुसरा कोणता धंदा दाखव." तुमच्या घरीही कोणी असे म्हणत असेल, तर त्यांना कृपया पुढील गोष्ट विचारा. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे लागते, असे ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो आणि तेवढ्यासाठी आपण रस्ते अडवतो. त्याच उसाच्या तोडणीचा दर मात्र साखर संघ (कारखान्यांचा राज्य संघ) आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ ठरली, पण ती कोयत्याच्या हातात पडेपर्यंत मध्ये वाहनमालक आहे, मुकादम आहे आणि मुकादमाची वही आहे. जिचे पैसे घेणाऱ्याला दुसरीकडे कामाला जाता येत नाही आणि मजुरी किती झाली हे ज्याला स्वतः मोजता येत नाही, त्या उचलीला मी आगाऊ पगार म्हणत नाही. आपल्याकडे वेठबिगारीविरुद्ध १९७६ पासून कायदा आहे. तो काढून वाचावा.

खाडा म्हणजे काय हेही सांगायला हवे. एक दिवस काम चुकले की मजुरी बुडते आणि वर दंड बसतो, मग ते दुखण्यामुळे असो की मासिक पाळीमुळे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील, याच खाड्याच्या धास्तीशी जोडला गेलेला, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, तेव्हाच्या सर्वेक्षणात ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. राजकीय बळाचे म्हणाल, तर विधानसभेचे गेले मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले, म्हणजे टोळ्या गाव सोडून निघतात त्याच दिवसांत. ज्या तालुक्यात ही माणसे वर्षातले सहा महिने राबतात तेथे त्यांना मत नाही, आणि जेथे मत आहे तेथे त्या दिवशी ती असतीलच असे नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की जमीनवाल्यांमधला भेद सहकाराने पुष्कळ कमी केला आणि या टोळ्या जेथून येतात त्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू व भूमिहीन माणसाला त्याबाहेर ठेवले. दुष्काळ, जात, सिंचनाची वाटणी अशी कारणे आणखी आहेत. त्यांत मी शिरलो नाही.

दुसरी बाजूही नोंदवतो. उचल घेऊन टोळी न पाठवणारे मुकादम आहेत, आणि तशा एका मुकादमापायी काकांनाही पुढे ट्रॅक्टर विकावा लागला. उभा ऊस वाळू लागला की छोट्या शेतकऱ्याला 'खुशाली', म्हणजे वरचे पैसे, देऊन तोड घ्यावी लागते, तोही अन्यायच आहे. माझ्या शिक्षणाची फी काकांनीच भरली, हेही खरे. कारखान्याने करारदार म्हणून त्यांना पूर्ण २,४६० टनांचे पैसे दिले होते, हे मी कागदोपत्री पाहिले होते. मधल्या २७० टनांचे पैसे मुकादमाकडे राहिले की आमच्या घरात आले, हे मी त्यांना ओसरीवर विचारले नाही, आणि नंतरही विचारलेले नाही.