वाचक विचारतात : असिमॉव्हच्या मालिका कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

आयझॅक असिमॉव्ह (१९२०-१९९२) यांच्या पुस्तकांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. रोबोट-कथांवरच्या उत्तरात एका कथेचा पेच सांगितला आहे. बाकी कुठेही रहस्य फोडलेलं नाही.

प्रश्न : 'रोबोट', 'एम्पायर' आणि 'फाउंडेशन' या तिन्ही मालिका मिळून एकच मोठी मालिका होते असं कळलं. एकूण पुस्तकं किती? कथेतल्या काळानुसार वाचावीत की प्रकाशनाच्या क्रमाने? एका मित्राने 'प्रिल्यूड टू फाउंडेशन'पासून सुरुवात करायला सांगितलं आहे.

मित्राचं ऐकू नका. पुस्तकं पंधरा आहेत : रोबोट-कथांचा एक संग्रह, रोबोटच्या चार कादंबऱ्या, एम्पायरच्या तीन आणि फाउंडेशनची सात. 'प्रिल्यूड'च्या (१९८८) सुरुवातीला असिमॉव्हनी स्वतःच चौदा पुस्तकांची कालक्रमानुसार यादी दिली आहे. पंधरावं, 'फॉरवर्ड द फाउंडेशन', तेव्हा यायचं होतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये निघालं. कदाचित याच क्रमाने वाचावं, असंही ते त्या टिपणात हळूच सुचवतात. इथे खुद्द लेखकाचंही ऐकू नये असं आमचं मत आहे. त्या यादीत एक घोळही आहे. 'द करंट्स ऑफ स्पेस' आधी आणि 'द स्टार्स, लाइक डस्ट' नंतर दिलं आहे, पण कथेतला काळ पाहिला तर क्रम नेमका उलटा लागतो.

कालक्रम का नको, याचं कारण ही पुस्तकं कशी लिहिली गेली त्यात आहे. फाउंडेशनच्या मूळ कथा १९४२ ते १९५० या काळात मासिकात आल्या आणि १९५१, ५२, ५३ अशी सलग तीन वर्षं पुस्तकरूपाने निघाल्या. रोबोट-कथांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४) आणि 'द नेकेड सन' (१९५७) या दोन्ही कादंबऱ्या स्वतंत्र हेरकथा म्हणूनच उभ्या आहेत. मग मोठा खंड पडला. १९८२ मध्ये 'फाउंडेशन्स एज' आलं आणि त्यानंतरच असिमॉव्हनी या मालिका एकमेकींना शिवायला घेतल्या. तो प्रत्येक टाका दोन्हीकडचं कापड वाचकाच्या ओळखीचं आहे असं धरून घातलेला आहे. 'प्रिल्यूड'च्या शेवटी एका पात्राची खरी ओळख उघड होते. रोबोट-कादंबऱ्या न वाचता तिथे पोचलात, तर ते नुसतं एक नाव वाटेल. फाउंडेशनची योजना आखणाऱ्या हॅरी सेल्डनचंही तसंच आहे. 'फाउंडेशन'च्या पहिल्या प्रकरणात तो म्हातारा, खटल्याला सामोरा जाणारा आणि सगळं आधीच जाणणारा माणूस म्हणून भेटतो. त्याची तरुणपणीची चाचपड आधी वाचली तर तो दबदबा उरत नाही.

आम्ही सुचवतो तो क्रम असा. आधी 'आय, रोबोट', मग 'केव्ह्ज ऑफ स्टील' आणि 'नेकेड सन'. मग फाउंडेशनची मूळ तीन. त्यानंतर 'फाउंडेशन्स एज' (१९८२), 'द रोबोट्स ऑफ डॉन' (१९८३), 'रोबोट्स अँड एम्पायर' (१९८५), 'फाउंडेशन अँड अर्थ' (१९८६), 'प्रिल्यूड' आणि 'फॉरवर्ड', म्हणजे जसे निघाले तसे. एवढं लक्षात राहणार नसेल तर दोनच बंधनं पाळा : 'रोबोट्स अँड एम्पायर' वाचल्याशिवाय 'फाउंडेशन अँड अर्थ' उघडू नका, आणि 'प्रिल्यूड', 'फॉरवर्ड' ही जोडी शेवटी ठेवा.

एम्पायरच्या तीन कादंबऱ्या मध्ये कुठेही वाचा, नाही वाचल्या तरी फारसं बिघडत नाही. त्यांतली एकच घ्यायची तर 'पेबल इन द स्काय' (१९५०) घ्या. ती असिमॉव्हची पहिली कादंबरी. 'द स्टार्स, लाइक डस्ट' त्यांना स्वतःलाच आवडत नव्हती. तिच्यातलं एक उपकथानक मासिकाच्या संपादकाच्या आग्रहामुळे आत शिरलं आहे, आणि वाचताना ते उपरं असल्याचं जाणवतं.

प्रश्न : 'आय, रोबोट' घ्यावं की 'द कम्प्लीट रोबोट'? दुसऱ्यात सगळंच आहे म्हणतात.

जवळजवळ सगळं आहे. 'आय, रोबोट'मध्ये (१९५०) नऊ कथा आहेत, 'कम्प्लीट'मध्ये (१९८२) एकतीस, आणि पहिल्यातल्या नऊही त्यांत आल्या आहेत. फक्त त्या नऊ कथांना जोडणारा धागा 'कम्प्लीट'मध्ये नाही. 'आय, रोबोट'मध्ये एक पत्रकार वृद्ध रोबोट-मानसशास्त्रज्ञ सुझन कॅल्व्हिनची मुलाखत घेतो आणि तिच्या आठवणींमधून कथा उलगडत जातात. त्यामुळे पहिल्या मुक्या यंत्रांपासून जगाचा कारभार सांभाळणाऱ्या यंत्रांपर्यंतचा प्रवास सलग दिसतो. 'कम्प्लीट'मध्ये कथा विषयवार लावल्या आहेत, आणि सुरुवातीच्या काहींमध्ये तर रोबोटच्या तीन नियमांचा (ते पुढच्या प्रश्नात आहेत) पत्ताच नाही. सलग वाचायला बसलेला नवा वाचक तिथेच गोंधळतो.

म्हणून आधी 'आय, रोबोट' घ्या. 'कम्प्लीट' नंतर घेतलंत तर त्यातली 'मिरर इमेज' ही छोटी कथा 'नेकेड सन'नंतर वाचा, कारण तिच्यात त्या कादंबरीतलीच जोडी, डिटेक्टिव्ह एलिजा बेली आणि रोबोट डॅनील, आहे. 'द बायसेंटेनियल मॅन' पुस्तकात शेवटी ठेवली आहे, तुम्हीही शेवटीच वाचा. एक आणखी : मुखपृष्ठावर २००४ च्या चित्रपटाचं चित्र असलं तरी आत त्याच जुन्या नऊ कथा असतात. चित्रपटाची गोष्ट त्यांत सापडणार नाही.

प्रश्न : माणसाला इजा करायची नाही, आज्ञा पाळायची, स्वतःला जपायचं, असे रोबोटचे तीन नियम एकदा घालून दिले की गोष्टीत उरतं काय? सगळं सुरळीतच चालणार ना?

गोष्ट उभी राहते ती नियम पाळले गेल्यामुळेच. तिन्ही नियम पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आले ते 'रनअराउंड' या कथेत (मार्च १९४२), आणि त्या कथेतच हा खेळ मांडून ठेवला आहे.

बुध ग्रहावर पॉवेल आणि डोनोव्हन हे दोघे तंत्रज्ञ अडकले आहेत. उन्हापासून वाचवणारी यंत्रणा चालू ठेवायला सेलेनियम हवं. ते आणायला 'स्पीडी' नावाचा रोबोट पाठवला जातो. तासांमागून तास जातात, तरी तो परतत नाही. शोधायला गेल्यावर दिसतं की तो सेलेनियमच्या कुंडाभोवती घिरट्या घालतोय आणि दारू प्यायल्यासारखा ऑपेरातली गाणी बरळतोय. बिघाड काहीच नाही. आज्ञा देताना डोनोव्हनने ती सहज, काही जोर न देता दिली होती, त्यामुळे दुसऱ्या नियमाचा दाब कमी पडला. स्पीडी महागडा, म्हणून स्वतःला जपण्याचा तिसरा नियम त्याच्यात मुद्दाम बळकट केलेला. कुंडापाशी त्याला धोका आहे. जवळ गेला की तिसरा नियम मागे ढकलतो, लांब आला की दुसरा पुढे रेटतो. जिथे दोन्ही जोर सारखे होतात, त्या अंतरावर तो गोल फिरत राहतो. सुटका पहिल्या नियमातून होते. कशी, ते कथेतच वाचा.

कोणत्याही रोबोट-कथेत आज्ञेचे नेमके शब्द काय होते आणि त्या विशिष्ट रोबोटमध्ये कोणता नियम कमी-जास्त केला आहे, या दोन गोष्टींवर नजर ठेवा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

प्रश्न : 'फाउंडेशन' तीनदा हातात घेतलं आणि तीनदा ठेवून दिलं. पात्रांची जरा ओळख होते न होते तोच ती गायब होतात. माझं काही चुकतंय का?

तुम्ही ते कादंबरी म्हणून वाचताय, एवढंच. मूळ तीनही पुस्तकं म्हणजे मासिकातल्या लांब कथांची जुळणी आहे. 'फाउंडेशन'मध्ये असे पाच भाग आहेत. पहिला भाग १९५१ च्या पुस्तकासाठी नव्याने लिहिला, बाकीचे चार १९४२ आणि १९४४ मधले. पहिल्या आणि दुसऱ्या भागात पन्नास वर्षांचं अंतर आहे, दुसऱ्या-तिसऱ्यात तीस वर्षांचं. माणसं बदलणारच. इथे नायक माणूस नाही, योजना आहे. साम्राज्य कोसळल्यावर येणारं तीस हजार वर्षांचं अंधारयुग हजार वर्षांवर आणायचं, ही सेल्डनची योजना.

एका बैठकीत एक भाग वाचा आणि पुस्तक मिटा. प्रत्येक भागात एक कोंडी असते, आणि योजनेनुसार त्यातून बाहेर पडायची एकच वाट शिल्लक राहिलेली असते. ती वाट पात्रांच्या आधी आपल्याला दिसते का, हे पाहण्यात या कथांची मजा आहे. धामधूम फारशी नाही. लढाया पडद्यामागे होतात आणि आपल्यासमोर येतं ते संभाषण. ज्यांना हेच खुपतं, त्यांना पुढेही खुपणार.

सायकोहिस्टरीच्या, म्हणजे प्रचंड लोकसमूहांचं भविष्य गणिताने वर्तवणाऱ्या सेल्डनच्या शास्त्राच्या, दोन अटी मात्र पहिल्या भागातच नीट वाचून घ्या. लोकसंख्या प्रचंड हवी, आणि त्या लोकांना भाकीत माहीत नको. एकट्या माणसाबद्दल हे शास्त्र काहीच सांगू शकत नाही. 'फाउंडेशन अँड एम्पायर'चा दुसरा भाग, म्हणजे 'द म्यूल', याच फटीवर उभा आहे आणि आमच्या मते तो सगळ्या मालिकेतला सर्वोत्तम भाग. तिथपर्यंत तरी टिकून राहा.

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'द थाउजंड इयर प्लॅन' नावाचं असिमॉव्हचं पुस्तक मिळालं. हा फाउंडेशनचा माहीत नसलेला भाग आहे का?

नाही. ते १९५५ मध्ये नाव बदलून, काटछाट करून काढलेलं 'फाउंडेशन'च आहे. 'द मॅन हू अपसेट द युनिव्हर्स' म्हणजे 'फाउंडेशन अँड एम्पायर', आणि 'द रिबेलियस स्टार्स' म्हणजे 'द स्टार्स, लाइक डस्ट'. संग्राहकाला ठीक, वाचायला पूर्ण आवृत्ती घ्या.

प्रश्न : मुखपृष्ठावर असिमॉव्हचं नाव, आत लेखक दुसराच. अशी पुस्तकं कोणती?

बरीच आहेत. 'रोबोट सिटी' ही मालिका वेगवेगळ्या लेखकांनी लिहिली. 'कॅलिबन', 'इन्फर्नो' आणि 'यूटोपिया' ही त्रयी रॉजर मॅकब्राइड ॲलन यांची आहे. तीन नियम बदलले तर काय होईल, हा प्रश्न ती नेटाने हाताळते, म्हणून या ढिगात तिला आम्ही वरचं स्थान देऊ. फाउंडेशनवर ग्रेगरी बेनफर्ड, ग्रेग बेअर आणि डेव्हिड ब्रिन यांनी १९९७, ९८, ९९ मध्ये एकेक कादंबरी लिहिली. ही तिन्ही वारसांच्या परवानगीने निघाली. मूळ पंधरा संपल्याशिवाय त्यांना हात लावू नये. 'नाइटफॉल' (१९९०) आणि 'द पॉझिट्रॉनिक मॅन' (१९९२) ही असिमॉव्हच्याच कथांची रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्यासोबत केलेली कादंबरी-रूपं. त्यापेक्षा मूळ कथा वाचा. त्या आटोपशीर आहेत.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीसाठी कुठून सुरुवात करावी?

'लकी स्टार'च्या सहा कादंबऱ्या (१९५२-५८) मुलांसाठीच आहेत. त्या पॉल फ्रेंच या टोपणनावाने आल्या, नंतर असिमॉव्हच्या नावाने निघाल्या. कथानक वेगवान, पण विज्ञान शिळं झालंय. शुक्रावर महासागर आहेत. प्रत्यक्षात १९६२ मध्ये मरिनर-२ या यानाने तो भट्टीसारखा तापलेला असल्याचं दाखवून दिलं. बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते असं धरलंय. १९६५ च्या रडार निरीक्षणांतून तो स्वतःभोवती सुमारे ५९ दिवसांत फिरतो असं कळलं. पुढच्या आवृत्त्यांना असिमॉव्हनी हे सांगणारी प्रस्तावना जोडली, म्हणून प्रस्तावना असलेली आवृत्तीच बघून घ्या आणि तेवढी पानं तिच्यासोबत वाचा. आणखी सोपं हवं असेल तर पत्नी जॅनेट यांच्यासोबत लिहिलेली 'नॉर्बी' मालिका आहे. ती १९८३ पासून निघाली. या दोन्हींचा मोठ्या मालिकेशी संबंध नाही.

प्रश्न : असिमॉव्हनी फँटसी लिहिली का?

थोडीच. 'अझाझेल' (१९८८) हा कथासंग्रह बघा. दोन सेंटिमीटर उंचीचा सैतान, त्याला बोलावणारा फुकटखाऊ जॉर्ज, आणि भलं करायला जाऊन झालेले विचके. मासिकात छापताना त्याला परग्रहवासी करावं लागलं होतं, पुस्तकात तो पुन्हा सैतान झाला. सगळ्या कथांचा साचा एकच आहे, तेव्हा एका दमात तीनपेक्षा जास्त वाचू नका.

प्रश्न : हजार वर्षांची योजना शेवटी पूर्ण होते का? कोणत्या पुस्तकात?

कुठल्याच नाही. 'फाउंडेशन्स एज' फाउंडेशनच्या (सेल्डनने योजनेसाठी उभारलेल्या वसाहतीच्या) स्थापनेनंतर ४९८ व्या वर्षी घडतं, आणि 'फाउंडेशन अँड अर्थ' तिथूनच पुढे चालू होतं. म्हणजे निम्म्या वाटेवर कथा थांबते, तीही एक मोठा प्रश्न हवेत ठेवून. त्यापुढची कादंबरी असिमॉव्हनी लिहिली नाही. शेवटच्या दोन पुस्तकांत ते मागे, सेल्डनच्या काळात गेले. बेनफर्ड, बेअर आणि ब्रिन यांच्या कादंबऱ्याही त्याच काळात घडतात. त्यामुळे पुढचा भाग शोधत दुकानं पालथी घालू नका.