लाल कोळ्यावर परभक्षी कोळी केव्हा सोडावा?

प्रश्न : मावळ तालुक्यात आमचे गुलाबाचे पॉलिहाऊस आहे. उन्हाळा लागला की लाल कोळी येतो आणि दर आठवड्याला कोळीनाशक बदलूनही हटत नाही. परभक्षी कोळी सोडले तर फवारणी थांबवता येईल काय? फुलकिड्यांवरही तेच कोळी चालतील काय?

उत्तर : फवारणी पुष्कळ कमी करता येईल, परंतु आधी घातक औषधे थांबवून, त्यांचा अंश ओसरू देऊन मगच परभक्षी, म्हणजे लाल कोळ्याला खाणारा दुसरा कोळी, सोडावा लागेल. अनेक ठिकाणी परभक्षी सोडल्यावर धीर न धरता पुन्हा अबामेक्टिन हे कोळीनाशक मारले जाते आणि त्यात तोच मरतो, ही खेदाची गोष्ट आहे.

लाल कोळी हा कीटक नसून आठ पायांचा, कोळीवर्गातला जीव आहे. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची पिढी सुमारे ८ दिवसांत पूर्ण होते. शिवाय मीलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतून फक्त नर निपजतात आणि त्या नरांत जनुकांचा एकच संच असल्याने औषधाला दाद न देणारा गुण झाकला जात नाही; तो थोड्याच पिढ्यांत सगळीकडे पसरतो. म्हणूनच नुसते औषध बदलणे पुरत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके तर कटाक्षाने टाळावीत, कारण त्यांनी कोळ्याचे शत्रू मरतात आणि कोळी उलट वाढतो.

परदेशात प्रसिद्ध असलेला परभक्षी म्हणजे फायटोसियुलस पर्सिमिलिस. चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर तो १९५८च्या सुमारास आढळला. मात्र कडक ऊन आणि कोरडी हवा त्याला मानवत नाही. आर्द्रता फार उतरली तर त्याची अंडी उबतच नाहीत. त्यामुळे आपण आधी निओसियुलस लॉन्जिस्पिनोसस या आपल्याकडेच आढळणाऱ्या जातीचा विचार करावा, असे माझे मत आहे. फॉगर (बारीक धुक्यासारखे पाणी उडवणारे यंत्र) चालवून दुपारची आर्द्रता राखणे हे तिच्यासाठीही हिताचेच.

सोडण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. पानांवर जाळी धरल्यावर उशीर झालेला असतो. तशा वेळी फार किडलेली पाने काढून, उरलेली पाण्याच्या फवाऱ्याने खालून धुवून मगच परभक्षी सोडावेत. एरवी पानावर पहिले पांढुरके ठिपके दिसताच, वाकवलेल्या फांद्यांच्या दाट पानोळ्यात ते सोडावेत, कारण तिथे कोळी लपतो आणि तो भाग फुलांबरोबर कापून जात नाही.

दर आठवड्याला दहापट भिंगाने पानाची खालची बाजू तपासावी. लाल कोळी बहुधा फिकट, पाठीवर दोन गडद डाग असलेला आणि मंद असतो. त्याची अंडी गोल असतात. परभक्षी चकचकीत, नासपतीच्या आकाराचा असून तो सारखा धावत असतो आणि त्याची अंडी लांबट व अधिक मोठी असतात. त्याला डोळे नसतात. किडलेल्या पानांतून निघणाऱ्या वासावरून तो भक्ष्यापर्यंत पोहोचतो. ही लांबट अंडी दिसू लागली असतील तर कोळ्याचे काही ठिपके दिसले तरी फवारणीचा पंप उचलू नये.

फुलकिड्यांवर हे कोळी उपयोगी नाहीत. त्यांच्यासाठी निओसियुलस कुकुमेरिस आणि अँब्लिसियस स्विर्स्की वापरले जातात. तेही मुख्यतः कोवळी पिल्लेच खातात, प्रौढ फुलकिडे त्यांच्या तावडीतून सुटतात. कोणतीही परदेशी जात आयात परवान्याशिवाय मागवू नये.