परदेशी ट्रस्टकडे मुलांसाठी अनुदान मागताना कार्यकर्त्यांचे पगार दाखवावेत का?

दाखवा. पगार लपवून मिळवलेलं अनुदान वर्षभरात गळ्याशी येतं.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्राची काठमांडूत छोटी संस्था आहे, बालगृहांत अडकलेल्या मुलांना घरी पोचवायचं काम ती करते आणि आता ब्रिटनमधल्या ट्रस्टकडे अर्ज करायचाय. कुणीतरी सांगितलं की पगाराचा आकडा दिसला की अर्ज बाजूला पडतो, तेव्हा तो दुसऱ्या नावाखाली घाला. शिवाय मुलांचे फोटो जोडावेत का, हेही विचारलंय. सांगणारा चूक बोलला नाही, हेच दुखणं आहे. मी इंग्लंडमधल्या अशाच एका छोट्या ट्रस्टच्या समितीवर नऊ वर्षं होते. असे अर्ज बाजूला टाकणाऱ्यांत मीही होते.

आमचा ट्रस्ट म्हणजे एका बाईंनी मृत्युपत्रात ठेवलेली रक्कम. तिच्या उत्पन्नातून वर्षाला साधारण ४० हजार पाउंड ‘परदेशातल्या असुरक्षित मुलां-तरुणांसाठी’ वाटायचे. आम्ही सहा जण, वर्षातून तीन बैठका, सगळे बिनपगारी. अर्जाच्या नमुन्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: पगार आणि प्रशासकीय खर्च मिळून एकूण रकमेच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. ही ओळ कुणी आणि कधी घातली, हे कुणालाच आठवत नव्हतं. खजिनदारांना मात्र ती तोंडपाठ होती.

२०१६ साली, म्हणजे नेपाळच्या भूकंपानंतरच्या वर्षी, काठमांडूहून एक अर्ज आला. तुमच्या मित्राचंच काम म्हणा ना. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून मुलं काठमांडूत कशी आली, हे तुम्हाला माहीत असेलच. १९९६ ते २००६ या माओवाद्यांच्या सरकारविरुद्धच्या युद्धाच्या काळात दलाल गावोगाव फिरले. मुलाला शहरात शिकवतो, माओवाद्यांच्या हाती लागणार नाही, असं सांगून आईबापांकडूनच पैसे घेतले आणि पोरं नेली. शहरात आल्यावर कागदोपत्री ती अनाथ झाली. युद्ध संपलं तरी बालगृहं संपली नाहीत, कारण तोवर परदेशी देणगीदार आणि हौशी स्वयंसेवक येऊ लागले होते. रिकाम्या खाटेला देणगी मिळत नाही.

या संस्थेचं काम असं: मुलाला गावाचं नाव अर्धवट आठवत असतं, कधी फक्त नदीचं किंवा देवळाचं. तेवढ्यावरून एक माणूस निघायचा. नेपाळगंजहून हुम्लातल्या सिमिकोटचं छोटं विमान, ढग आले की रद्द. तिथून पुढे दोन-तीन दिवस पायी. आई सापडली की आधी फोटो दाखवायचा, मग फोनवर बोलणं, मग भेट, मग मुलाला घरी सोडणं, आणि त्यानंतर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी जाऊन बघणं. आई पुन्हा दलालाच्या हाती देत नाही ना, शाळेत जातो ना, घरात सावत्र बाप असेल तर काय चाललंय. आता सांगा, यात ‘साहित्य’ कुठलं? दोन माणसांचे पाय आणि त्यांचं बोलणं, एवढंच सगळं काम. अर्जातही तेच होतं: दोन कार्यकर्त्यांचा पगार, विमानभाडं, फोनचं रिचार्ज.

खजिनदारांनी चष्मा कपाळावर सरकवून पान उलटलं आणि म्हणाले, “हे तर सगळे पगारच आहेत. मुलांपर्यंत काय पोचणार?”

कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. मी समितीवर नवीन होते, सचिवपद नुकतंच गळ्यात पडलं होतं आणि सहा वाजून गेले होते. ठरलं असं की संस्था चांगली आहे, अर्ज दुरुस्त करून मागवू. तो मेल मी लिहिला. ‘साहित्यावर भर दिल्यास समिती सहानुभूतीने विचार करेल,’ हे वाक्य माझं. वर मीच सुचवलं की शाळेची दप्तरं द्यावीत, त्यांवर ट्रस्टचं बोधचिन्ह असावं.

संस्थेच्या संचालिकाबाईंनी दोन आठवड्यांत नवा अर्ज पाठवला. दप्तरं, गणवेश, ब्लँकेटं. मंजूर झाला, एकमताने. दप्तरं नेपाळगंजहून विमानाने सिमिकोटला गेली. त्या मालाचं विमानभाडं खजिनदारांनी ‘साहित्य’ या सदरात धरलं. आदल्या अर्जात त्याच विमानातल्या माणसाचं भाडं ‘प्रशासन’ होतं. हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

पुढच्या वर्षी त्या दोघांतला मुख्य माणूस, ज्याला वाटा ठाऊक होत्या आणि आया ज्याचं ऐकायच्या, तो एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत गेला. तिथे पगार दुप्पट होता. त्याला दोष कोण देणार? भेटी आधी सहा महिन्यांवर गेल्या, मग थांबल्या. २०१९ मध्ये संचालिकाबाईंचं पत्र आलं. घरी सोडलेल्यांपैकी एक अकरा वर्षांचा मुलगा काठमांडूत दुसऱ्याच एका बालगृहात सापडला होता. गावात वरचे वर्ग नव्हते, आईला दुसरा कुणी मार्ग दाखवला नाही, दलालाने दाखवला. बाई तिथे वेगळ्याच कामाला गेल्या होत्या. त्यांनी मुलाला ओळखलं नाही, दप्तराला ओळखलं. निळं दप्तर, वर आमचं बोधचिन्ह. नव्या जागी त्याचं नाव बदललेलं होतं आणि कागदावर आई मृत.

ते पत्र मी बैठकीत मोठ्याने वाचलं. त्यानंतर जो वाद सुरू झाला तो माझ्या मनात अजून चालू आहे, म्हणून तर तुमच्या तीन ओळींच्या प्रश्नाला एवढं लांब उत्तर. मी म्हटलं, दहा टक्क्यांची ओळ काढा. खजिनदार म्हणाले, देणगीदारांना काय सांगू? मी म्हटलं, देणगीदार बाई कधीच वारल्या, त्यांना काही सांगायचं नाहीये. हे जरा जास्तच लागलं त्यांना.

पुढच्या बैठकीला मी कागद घेऊन गेले. मुलाला वाढायला कुटुंब हवं, हे १९८९च्या बालहक्क संहितेच्या प्रस्तावनेतच आहे. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांची पर्यायी संगोपनाची, म्हणजे आईबापांविना वाढणाऱ्या मुलांच्या देखभालीची, मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतही केवळ गरिबीमुळे मूल घरापासून तोडू नये असं स्पष्ट म्हटलंय. ऑस्ट्रेलियात २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली गेली. रोमानियात बुखारेस्टमध्ये २००० सालापासून १३६ मुलांचा अभ्यास झाला. अनाथाश्रमांतल्या बाळांपैकी निम्मी पालक कुटुंबांत ठेवली, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत जी कुटुंबांत पोचली त्यांची वाढ अनाथाश्रमातच राहिलेल्यांपेक्षा सरस निघाली. खजिनदार सगळं ऐकून म्हणाले, “पण हे रोमानियाचं आहे.” 

आणि ‘अनाथ’ या शब्दाचं काय? युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा बाप, एक जरी गेला असला तरी मूल अनाथ मोजलं जातं. देणगीदाराच्या डोळ्यांपुढे येतं ते दोन्ही नसलेलं. या दोहोंच्या मधल्या फटीत किती इमारती उभ्या राहिल्या आहेत! इमारतीला दगडावर नाव कोरून मिळतं. घरी गेलेल्या मुलाच्या दारावर कोण पाटी लावणार?

नियम शेवटी बदलला, पण माझ्या भाषणांनी नाही. २०२०च्या टाळेबंदीत कुणाला काही वाटताच येईना, तेव्हा समितीने निमूटपणे ‘संस्थेला योग्य वाटेल तसं खर्चा’ असं अनुदान दिलं. ती ओळ परत आलीच नाही. मी सोडलं त्या वर्षी खजिनदार निरोपाच्या भाषणात म्हणाले, आपला ट्रस्ट नेहमीच माणसांवर विश्वास ठेवत आलाय. मी टाळ्या वाजवल्या.

तर तुमचा अर्ज. ‘प्रशासकीय खर्च’ या सदराखाली क्षेत्र कार्यकर्त्याचा पगार टाकू नका, कारण ते प्रशासन नाहीच. थेट कामात लिहा: एक कार्यकर्ता, इतकी कुटुंबं, वर्षात इतक्या भेटी, एका भेटीला इतके दिवस. वाचणाऱ्याला गुणाकार करता आला पाहिजे. हे लपवणं नव्हे. पगाराला ‘प्रशिक्षण’ किंवा ‘वाहतूक’ म्हणणं, हे लपवणं. हिशेबनिसाचा आणि ऑडिटचा खर्च मात्र प्रशासनातच ठेवा आणि पूर्ण मागा. टक्क्यांची अट असेल तर अर्जाआधी मेल करून विचारा, बरेचदा ती आमच्यासारखीच बेवारशी असते. अट खरंच पक्की निघाली तर दुसरा ट्रस्ट शोधा. हे सांगणं सोपं आहे, कल्पना आहे मला. ब्रिटनने सरकारी परदेशी मदत २०२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५वर आणली आणि २०२७पर्यंत ०.३वर नेणार असं जाहीर केलंय, त्यामुळे छोट्या ट्रस्टांच्या दारात रांग वाढलीय.

अनेक ट्रस्ट फक्त ब्रिटनमध्ये नोंदलेल्या संस्थेलाच पैसे देतात, ते आधी वाचा. नाहीतर तिथली भागीदार संस्था लागेल. नेपाळात परदेशी पैशासाठी समाज कल्याण परिषदेची मंजुरी लागते, ती मित्राला ठाऊक असणारच. बालसंरक्षण धोरण जोडा, पण कुठून तरी उतरवलेलं नको, ते लगेच कळतं.

आता न्यायाने दोन गोष्टी. साहित्य वाटणं वाईट असं मी म्हणत नाही. भूकंपाच्या पहिल्या महिन्यात ब्लँकेटच हवं असतं, त्या वेळी कार्यकर्त्याच्या गप्पा नकोत. काही मुलांना खरंच कुणी नसतं, काहींचं घर हेच धोक्याचं ठिकाण असतं. त्यांना चांगली निवासी जागा लागते. आणि खजिनदार अप्रामाणिक नव्हते. वीस वर्षं फुकट हिशेब ठेवले त्यांनी, एकदा खोट्या पावत्यांचा गठ्ठा पकडला. त्या पावत्यांनीच बहुधा त्यांना इतकं संशयी केलं असावं.

फोटोंचं राहिलंच. चेहरा ओळखू येईल असा एकही फोटो नको, नाव-गाव तर नाहीच. दलालांकडेही फोन असतात. दप्तरं वाटली त्या वर्षीच्या आमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर अठरा मुलं निळी दप्तरं पाठीला न लावता छातीशी धरून उभी आहेत. पुढे बालगृहात सापडलेला तो मुलगा दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरा. दप्तरं तशी धरायला सांगितलं होतं, कारण बोधचिन्ह समोरून दिसायला हवं होतं. तेही माझ्याच मेलमध्ये होतं.