डोळ्यांखालचा खळगा : हाड कमी की मेद कमी?

प्रश्न : माझे वय ३९ असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. नाकाच्या बाजूने गालाकडे तिरका उतरणारा खळगा माझ्या दोन्ही डोळ्यांखाली कॉलेजच्या दिवसांपासून आहे. वडिलांचे डोळेही असेच दिसत. गेल्या दोन वर्षांत मी ९ किलो वजन कमी केले आणि तेव्हापासून तो जास्तच उठून दिसतो. स्टाफरूममध्ये दिवसाआड कुणीतरी ‘बरं नाही का?’ म्हणून विचारते. एका डॉक्टरांनी पोटावरची चरबी काढून तेथे भरण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यांच्या मते चरबी विरघळून जाते, म्हणून हाडावर इम्प्लांट बसवावे, ते कायम राहते. मी काय निवडावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपल्या दोन्ही डॉक्टरांनी उपाय सांगितले आहेत, परंतु आपल्या चेहऱ्यात नेमके काय कमी आहे हे त्यांच्यापैकी कोणी सांगितल्याचे पत्रात दिसत नाही. निवड त्यावरच ठरते, म्हणून आधी तेथून सुरुवात करू.

डोळ्याच्या खोबणीला खालून हाडाची कड असते आणि तिच्या आतल्या, म्हणजे नाकाकडच्या भागात त्वचा व स्नायू हाडाला घट्ट चिकटलेले असतात. या चिकटलेल्या रेषेच्या वर पापणीचा भाग आणि खाली गाल. गालाचा मेद कमी झाला किंवा खाली ओघळला की मधली रेषा चरासारखी दिसू लागते. डॉक्टर तिला ‘टिअर ट्रफ’ म्हणतात. काहींच्या बाबतीत मात्र मुळात हाडाची कडच मागे असते, त्यामुळे बुबुळ गालापेक्षा पुढे आल्यासारखे वाटते. या ठेवणीला ‘निगेटिव्ह व्हेक्टर’ असे नाव आहे. ती घराण्यात उतरते आणि वयाच्या विशीतही दिसते. आपल्या वडिलांचा उल्लेख मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

घरच्या घरी एक गोष्ट करून पाहावी. मान सरळ ठेवून, नजर समोर ठेवून, कुणाकडून तरी अगदी बाजूने फोटो काढून घ्यावा आणि त्यावर बुबुळाच्या सर्वांत पुढच्या बिंदूपासून फूटपट्टीने खाली उभी रेघ ओढावी. गालाचा उंचवटा रेघेला टेकत असेल किंवा तिच्या पुढे असेल, तर हाडाचा आधार पुरेसा आहे. तो रेघेच्या बराच मागे राहत असेल, तर हाड कमी आहे. दुसरी गोष्ट उजेडाची. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली उभे राहून आरशात पाहावे, मग तोंड खिडकीकडे करून, उजेड समोरून पडेल असे पुन्हा पाहावे. डोळ्यांखालचा काळेपणा बहुतेक नाहीसा झाला, तर ती खळग्याची सावली होती. खिडकीसमोरही तपकिरी डाग तसाच राहिला, तर तो त्वचेतल्या रंगद्रव्याचा आहे आणि तो इम्प्लांटने जाणार नाही, मेदानेही जाण्याची खात्री नाही. आपल्याकडच्या गव्हाळ व सावळ्या त्वचेत हा दुसरा प्रकार इतका सर्रास आढळतो की नुसता खळगा भरून घेतलेले अनेक जण नंतर ‘काळे तसेच राहिले’ म्हणून नाराज होतात.

आता मेदरोपणाविषयी. ही कल्पना नवी नाही. १८९३ साली गुस्ताव नॉयबर या जर्मन शल्यचिकित्सकाने रुग्णाच्या दंडातला मेद काढून चेहऱ्यावरचा आत ओढला गेलेला व्रण भरला होता, आणि मेदाचे तुकडे लहान असले तरच ते टिकतात हे त्याच्याही लक्षात आले होते. कारण साधे आहे : काढलेल्या मेदाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. नव्या जागी नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत तो आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, आणि गोळ्याच्या मध्यभागापर्यंत तो द्रव पोहोचत नाही. म्हणून आज पोटाचा खालचा भाग किंवा मांडीची आतली बाजू येथून मेद बारीक नळीने हळुवार ओढून घेतात, त्यातले रक्त, तेल व पाणी वेगळे करतात आणि उरलेला मेद बोथट टोकाच्या बारीक नळीने हाडालगत, स्नायूच्या खाली, थेंबाथेंबाने पेरतात. डोळ्याखाली एका बाजूला साधारण अर्धा ते दोन मिलिलिटर एवढाच मेद लागतो. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावते, हे लक्षात घेतले म्हणजे काम किती नाजूक आहे ते कळेल.

‘चरबी विरघळून जाते’ हे विधान अर्धेच खरे आहे. भरलेल्या मेदाचा काही भाग पहिल्या तीन-चार महिन्यांत शोषला जातो. तो किती, हे आधी कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो उरतो तो मात्र जिवंत मेद असतो आणि वर्षानुवर्षे राहतो. तो पोटातून आलेला असल्याने पोटासारखाच वागतो, म्हणजे आपले वजन पुन्हा ९ किलोंनी वाढले तर डोळ्याखालीही फुगवटा येऊ शकतो. वजन किमान सहा महिने एका जागी स्थिर राहिल्यावरच हा उपचार करावा, असे मी सांगेन. दुसरी अडचण अशी की खालच्या पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचांपैकी आहे, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली मेद वरच्या थरात गेला तर गाठ चटकन दिसते. हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे खळगा भरण्यासाठी टोचतात तो जेलसारखा पदार्थ, जास्त झाले तर विकराच्या (एन्झाइमच्या) इंजेक्शनने विरघळवता येते, मेदाला तसा उतारा नाही. म्हणून या जागी थोडे कमी भरून गरज पडल्यास सहा महिन्यांनी दुसरी बैठक घेणारा डॉक्टर मला एकाच दिवशी सगळे उरकणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. विरळा पण भरून न येणारा धोका म्हणजे मेद रक्तवाहिनीत शिरून दृष्टी जाणे. तो टाळण्यासाठी बोथट नळी, कमी दाब व अगदी थोडे प्रमाण वापरतात. आपल्या डॉक्टरांनी हा विषय स्वतःहून काढला का, हे आठवून पाहावे.

इम्प्लांट बसवण्यासाठी पापणीच्या आतून, पापणीच्या केसांखालून किंवा वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन हाडावरचे आवरण उचलतात आणि सिलिकॉनचा अथवा सच्छिद्र पॉलिइथिलीनचा तुकडा कडेवर बेतून, शक्यतो टायटॅनियमच्या लहान स्क्रूने पक्का करतात. हाड खरोखरच मागे असेल तर हा उपाय मुळावर काम करतो, आणि मिळालेला उठाव वजनाबरोबर कमीजास्त होत नाही. मात्र कडेच्या खाली साधारण ८ ते १० मिलिमीटरवर गाल व वरच्या ओठाला संवेदना देणारी नस हाडातून बाहेर येते. ती ताणली गेली तर तेथे बधिरपणा येतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो ओसरतो, पण क्वचित कायमही राहतो. जंतुसंसर्ग झाला तर बहुधा इम्प्लांट काढावेच लागते. सिलिकॉन काढणे तुलनेने सोपे असते. पॉलिइथिलीनच्या छिद्रांत ऊती शिरून ते रुजलेले असते, त्यामुळे ते सोडवताना डॉक्टरांची कसोटी लागते. पातळ त्वचेखाली कड हाताला लागणे, तुकडा सरकणे, खालची पापणी खाली ओढली जाणे, याही शक्यता आहेत. पापणी बोटाने पुढे ओढून सोडल्यावर ती सावकाश मागे जात असेल, किंवा डोळे कोरडे पडत असतील, तर हे आधीच सांगावे. ‘कायमचे’ हा शब्द इम्प्लांटच्या बाजूने वापरला जातो खरा, पण चेहरा त्याच्याभोवती म्हातारा होतच राहतो. पन्नाशीत गालाचा मेद आणखी घटला की आज न दिसणारी कड तेव्हा दिसू शकते.

आपले पत्र वाचून माझा कल असा आहे. खळगा तरुणपणापासून आहे, म्हणजे हाडाचा वाटा असणार. पण तुम्हाला त्रास सुरू झाला तो वजन उतरल्यावर, म्हणजे आजचा फरक मेदाचा आहे. बाजूच्या फोटोतली रेघ गालापासून फार दूर नसेल, तर वजन स्थिर झाल्यावर थोड्या प्रमाणातले मेदरोपण पुरेसे होईल आणि त्यात गालाच्या वरच्या भागालाही थोडा मेद द्यावा लागेल, नुसती चर भरू नये. रेघ बरीच पुढे असेल, तर केवळ मेदाने ती दरी भरण्याचा प्रयत्न केल्यास डोळे सुजल्यासारखे दिसतात. तेव्हा इम्प्लांटचा विचार रास्त आहे, मात्र खोबणीच्या कडेवरची इम्प्लांट्स नेहमी बसवणाऱ्या प्लास्टिक सर्जनकडून किंवा डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जनकडूनच. हनुवटीच्या इम्प्लांटचा अनुभव येथे कामाला येत नाही. डॉक्टरांना त्यांच्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे फोटो मागावेत, तेही समोरून फ्लॅश न मारलेले. फ्लॅशने प्रत्येकाचा खळगा बुजतो. आणि निकालाची घाई असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुरुवातीलाच तारीख घ्यावी, कारण निळसर वण व सूज दोन आठवडे तरी राहते आणि स्टाफरूममधले प्रश्न त्या दिवसांत वाढतील.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी माझ्या डोळ्यांखाली मेद भरला. उजवीकडे वाटाण्याएवढी गाठ राहिली आहे, हसताना ती जास्त दिसते. दुखत नाही. मसाज करून ती बसेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जोराचा मसाज करू नये, चार महिन्यांनी रुजलेला मेद चोळण्याने हलत नाही, पापणीची सूज मात्र वाढते. अशी गाठ वरच्या थरात रुजलेल्या मेदाची, मेलेल्या मेदाची किंवा तेल साचून झालेली असू शकते, आणि सहा महिन्यांपर्यंत ती काही प्रमाणात मऊ व लहान होते. तोवर वजन वाढू देऊ नये. त्यानंतरही राहिली, तर अगदी अल्प मात्रेत स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, परंतु मात्रा जास्त झाल्यास तेथली त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो. पक्का उपाय म्हणजे पापणीच्या आतून छेद घेऊन गाठ काढणे. फिलर विरघळवणारे इंजेक्शन कोणी सुचवले तर ते मेदावर चालत नाही, हे त्यांना सांगावे. गाठ लाल झाली, गरम लागू लागली किंवा वाढू लागली, तर सहा महिने न थांबता त्याच दिवशी दाखवावे.