लाइट गेली की घरचे सीसीटीव्ही कॅमेरे ऑफलाइन जातात आणि लाइट आल्यावरही सुरू होत नाहीत. कॅमेरे बदलावेत का?

नाही, बदलू नका. निदान खालची एक चाचणी केल्याशिवाय तरी खिशात हात घालू नका.

तुम्ही लिहिलंय की राउटर बंद-चालू करून झाला, ॲप काढून पुन्हा टाकून झालं, आणि आता कॅमेरेवाला म्हणतोय की माल जुना झाला, नवीन सेट बसवा. हेच वाक्य मी माझ्या अंगणात उभं राहून ऐकलंय. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी चाचणी. दिवसा, लाइट व्यवस्थित असताना घरचा मेन स्विच स्वतः बंद करा. राउटर आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) इन्व्हर्टरवर असतील तर इन्व्हर्टरही बंद करा. दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू करा आणि काहीही न छेडता वाट बघा. राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, फायबरच्या डब्याला कधी पाच. तेवढ्या वेळात सगळे कॅमेरे ॲपवर परत आले, तर तुमचे कॅमेरे चांगले आहेत. खोट लाइट जाण्यात नाही, लाइट ज्या तऱ्हेने परत येते त्यात आहे. एवढं सरळ असून ही चाचणी कोणी करायला सांगत नाही, कारण तिच्यातून काही विकलं जात नाही.

आता माझं सांगतो. मी तासगाव तालुक्यात मळ्यात राहतो. द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. गावठाणाची लाइट वेगळ्या फीडरवर असते, आमच्यासारख्या वस्त्यांवरची घरं मात्र शेतीच्या लाइनवर. मोटारी चालवणारी थ्री फेज दिवसातून साधारण 8 तास, पाळीने कधी दिवसा कधी रात्री, आणि बाकी वेळ सिंगल फेजवर घरातले दिवे. म्हणजे वादळवारं नसलं तरी आमच्याकडे लाइटची अदलाबदल रोजचीच.

बेदाण्याच्या दिवसांत शेडमध्ये माल जाळ्यांवर पसरलेला असतो, आणि विहिरीवर, बोअरवर तांब्याची केबल. दोन्हींवर चोराचा डोळा. त्यासाठीच कॅमेरे बसवले: शेडला दोन, घराला एक, विहिरीच्या बाजूला एक, सगळे वायरचे, घरात डीव्हीआर, आणि मोबाइलवर बघायला सिमकार्डचा राउटर. एका रात्री वळीव आला, लाइट गेली. रात्री उशिरा थ्री फेज आली. सकाळी बघतो तर विहिरीवरची केबल कापून नेलेली, आणि ॲपवर चारही कॅमेरे ऑफलाइन. पोलिसांनी फुटेज मागितलं. कॅमेरेवाल्याला बोलावलं. त्याने डीव्हीआरमध्ये त्या तारखेचं रेकॉर्डिंग शोधलं, मिळालं नाही. हार्ड डिस्क खराब असेल म्हणून ती फॉरमॅट केली, आणि वर सांगितलं की कॅमेरे जुने झालेत.

नंतर पुन्हा एकदा अशीच लाइट गेली-आली तेव्हा मी डीव्हीआरला टीव्ही जोडून बसलो होतो. चित्र चालू होतं, चारही कॅमेरे दिसत होते, रेकॉर्डिंगचा लाल ठिपकाही होता. फक्त कोपऱ्यातली तारीख होती 1 जानेवारी 2000.

डीव्हीआरच्या आत घड्याळासाठी नाण्याएवढा सेल असतो, सीआर 2032, 3 व्होल्टचा. तो संपला की लाइट गेल्यावर डीव्हीआर वेळ विसरतो. इंटरनेट असेल तर उठल्या उठल्या वेळ दुरुस्त करून घेतो, त्यामुळे सेल मेलाय हे वर्षानुवर्षं कळत नाही. आमचा राउटर त्या रात्री अडकून पडला होता. इंटरनेट नाही, म्हणून वेळ नाही, म्हणून सगळं रेकॉर्डिंग 2000 सालात. केबल कापणाऱ्यांचं तोंड बहुधा त्या डिस्कवर होतं आणि फॉरमॅट करून पुसलं गेलं. किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलपायी. हे मला अजून सोसत नाही. तेव्हा कुठल्याही कॅमेरेवाल्याला डिस्क फॉरमॅट करू देण्याआधी प्लेबॅकमध्ये 1970 आणि 2000 सालचा जानेवारी बघा, आणि सेल आजच बदला.

पण राउटर का अडकला? मूळ प्रश्न तुमचाही तोच आहे. ॲपवर ऑफलाइन दिसतं म्हणजे कॅमेरा बंद असतो असं नाही. बहुतेक वेळा कॅमेरा चालू असतो आणि बाहेर जायची वाट बंद असते.

थ्री फेजची पाळी सुरू व्हायच्या वेळी मी मल्टिमीटर लावून बोर्डाजवळ उभा राहिलो. सिंगल फेज गेली, आकडा शून्य. थोड्या वेळाने लाइट आली: 205. लगेच सगळ्या रानातून स्टार्टरचे कॉन्टॅक्टर खाडखाड ओढल्याचे आवाज, आणि आकडा कोसळला तो 100च्या खाली. तिथे थरथरत राहिला, लाइट गेली, परत आली, पुन्हा खाडखाड, पुन्हा खाली. मग हळूहळू 160 वर येऊन टेकला. या सगळ्यात राउटरचा पॉवरचा दिवा लागला, विझला, लागला. शेवटी तो एकच दिवा लागून राहिला आणि नेटवर्कचे दिवे आलेच नाहीत. राउटरच्या अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं. त्याखाली गेलं की तो मध्येच सोडतो, आणि राउटर अर्धवट उठलेला राहतो. बंद करून चालू करेपर्यंत तसाच.

तो खाडखाड आवाज ऑटोचा. शेतकऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: मोटारीच्या स्टार्टरला ऑटो लावला की लाइट आल्यावर मोटार आपोआप सुरू होते. 5 एचपीची मोटार चालताना साडेसात-आठ अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना त्या क्षणी सहापट, म्हणजे 45 च्या आसपास. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, अशा दहा मोटारी एकदम उठल्या तर 450 अँपिअर. 100 केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता फेजला साधारण 133. मग व्होल्टेज कुठून राहणार? आणि नेमक्या त्याच मिनिटाला तुमचा राउटर आणि कॅमेरे उठायला बघत असतात.

हे मी आमच्या चुलत्यांना, अण्णांना, कॅमेऱ्यांच्या कितीतरी आधीपासून सांगत होतो. एकाच डीपीवर आमच्या भावकीच्या सगळ्या मोटारी. ऑटो काढा, नाहीतर प्रत्येकाने टायमर वेगवेगळा लावा, आणि मोटारीला कपॅसिटर बसवा. अण्णांचं एकच: "रात्री दोनला लाइट आली तर साप-विंचवातनं मोटार चालू करायला तू येणार हाईस का?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन बांधावरून जाणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि ज्यांनी ते केलेलं नाही त्यांनी शेतकऱ्याला ऑटोवरून नावं ठेवू नयेत. पण एका उन्हाळ्यात, खरडछाटणीनंतर, म्हणजे द्राक्षाच्या उन्हाळी छाटणीनंतर, बागेला पाण्याची खरी गरज असताना, आमची डीपी जळाली. दुसरी येईपर्यंत सगळ्यांच्याच बागा ताणावर. तेव्हाही अण्णा म्हणाले, डीपी जुनी होती. कॅमेरेवाला म्हणतो कॅमेरा जुना, अण्णा म्हणतात डीपी जुनी. आकडा बघायला कोणी तयार नाही.

तर उपाय. राउटरला 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा, लिथियम सेलचा मिळतो. अडॅप्टर त्यात आणि त्याची पिन राउटरमध्ये. राउटर बंदच पडला नाही तर उठायचा प्रश्नच नाही. माझ्या मते तुमच्या त्रासातला बराचसा भाग इथेच संपेल. राउटरवर 12 लिहिलंय की 9 ते बघून घ्या. डीव्हीआरला मात्र हा छोटा यूपीएस पुरत नाही, हार्ड डिस्क फिरायला लागताना जास्त करंट ओढते. त्याला चांगला इन्व्हर्टर, किंवा 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर चालणारा सीसीटीव्हीचा तयार यूपीएस घ्या. फवारणी पंपाची बॅटरी अडॅप्टरला थेट जोडायचा उद्योग करू नका, चार्जिंगचं नियंत्रण नसेल तर ती फुगते.

इन्व्हर्टर असूनही कॅमेरे जातात असं बरेच जण म्हणतात. त्याच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, यूपीएस आणि इको, किंवा नॉर्मल असं काही. यूपीएसवर बॅटरीकडची अदलाबदल इतकी झटपट होते की राउटरला कळत नाही, पण साधारण 180 व्होल्टच्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवरच चालत राहतो. आमच्यासारख्या 160 च्या वस्तीत बॅटरी रोज रिकामी होईल. इकोवर तो कमी व्होल्टेज चालवून घेतो, पण अदलाबदलीला क्षणभर जास्त लागतो आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो. शहरात असाल तर बटण यूपीएसवर ठेवा. मळ्यात असाल तर इकोवर ठेवा आणि राउटरला तो डीसी यूपीएस वेगळा लावा. मी तसंच केलंय.

कॅमेऱ्यांच्या 12 व्होल्टच्या सप्लायला, म्हणजे वायरी जातात त्या डब्याला, ऑन-डिले टायमर लावा. लाइट आल्यावर पाच मिनिटांनी पुढे सप्लाय देतो. तोवर मोटारी उठून व्होल्टेज स्थिरावलेलं असतं. विजेचं काम करणारा कुठलाही माणूस बसवून देईल. पाच मिनिटं कॅमेरे बंद राहतील हे खरं, पण रात्रभर बंद राहण्यापेक्षा बरं. सप्लायचा डबा उघडलाच तर आतले कपॅसिटर वरून फुगलेत का बघा. फुगले असतील तर डबा बदला. रात्री कॅमेऱ्यांचे लाल दिवे लागले की करंट वाढतो, तेव्हा असा डबा बसतो आणि कॅमेरे एकेक करून जातात. लोक तिथेही कॅमेरा बदलतात.

तुमचे कॅमेरे वाय-फायचे असतील तर थोडं निराळं. लाइट आल्यावर कॅमेरा मिनिटभरात उठतो, राउटर नंतर उठतो. चांगला कॅमेरा शोधत राहतो, स्वस्तातले काही कंटाळून थांबतात. त्यालाही औषध तेच: राउटर बंद पडू न देणं. राउटरमध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा चॅनेल ऑटोवर असेल तर 1, 6 किंवा 11 वर पक्का करा, कारण राउटर उठताना 12 किंवा 13 निवडून बसला तर काही कॅमेऱ्यांना तो दिसतच नाही. आणि एनव्हीआर, म्हणजे नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, असेल तर प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी राउटरमध्ये रिझर्व्ह करा, नाहीतर रीस्टार्टनंतर पत्ते बदलतात आणि एनव्हीआर जुन्या पत्त्यावर शोधत बसतो.

सोलरचे, सिमकार्डचे कॅमेरे घ्या असं कोणीतरी सांगेलच. शेडच्या लांबच्या कोपऱ्याला ठीक. पण त्यातले बहुतेक हालचाल झाली तरच जागे होतात आणि जागे होईतो माणूस पुढे गेलेला असतो. चोरीच्या जागेवर मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

एक राहिलं. हे सगळं मी शेतीच्या लाइनवरून लिहिलंय. तुम्ही फ्लॅटमध्ये असाल तर ऑटोचा संबंध नाही, पण सोसायटीची लिफ्ट आणि पाण्याचे पंप लाइट आल्यावर एकदम उठत असतील, ते बघा. घरचं व्होल्टेज अधूनमधून 300 च्या वर जात असेल तर कॅमेऱ्यांचा विचार सोडा, न्यूट्रल ढिला आहे, मेन बंद करून आधी वायरमनला बोलवा. आणि राउटर चालू असूनही इंटरनेट जात असेल तर केबलवाल्याच्या गल्लीतल्या डब्याला बॅटरी आहे का विचारा. तिथे तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही.

तुमचीही वस्ती शेतीच्या लाइनवर असेल, तर डीपीवरच्या लोकांना एकदा एकत्र बसवाच. ऑटो काढायला कोणी तयार होणार नाही, तो विषय सोडा. टायमर मागा. पहिली मोटार लाइट आल्यावर अर्ध्या मिनिटाने, दुसरी मिनिटाने, तिसरी दीड मिनिटाने, एवढंच. हल्लीच्या मोबाइल स्टार्टरमध्ये ही वेळ लावायची सोय असते, जुन्या ऑटोलाही टायमर जोडता येतो. आमच्याकडे केबल गेल्यावर मी सगळ्यांना मल्टिमीटरसमोर उभं केलं आणि आकडा दाखवला. अण्णांनी टायमर लावला. कपॅसिटरला अजून नाही म्हणतात, त्यांच्या मते त्याने मोटार जळते. मोटारीच्या एचपीला योग्य तेवढ्याच क्षमतेचा लावला तर जळत नाही, उलट ओढ कमी होते आणि डीपीवरचा ताण उतरतो. या खरडछाटणीच्या आत तो बसवूनच घेणार आहे, माझ्या पैशाने का होईना.