शस्त्रक्रियेआधी खालचे केस काढायलाच हवेत का?

तुझा प्रश्न असा, की पुढच्या दिवाळीनंतर ट्रान्स बाईची योनी घडवायचं ऑपरेशन ठरतंय, सर्जन म्हणतात "केसांचं आम्ही टेबलावर बघून घेऊ", आणि कळव्याची पार्लरवाली म्हणते "सहा सीटिंगमध्ये साफ". ऐकू कुणाचं? मीही ट्रान्स बाई, यातून गेलेय, ऐरोलीत राहते, वयाने मोठीच असेन, म्हणून अगंतुगं करते.

इतक्यात दोघांचंही ऐकू नकोस. आधी सर्जनना विचार, योनीचं आतलं अस्तर कशाचं करणार? शिश्नाची आणि वृषणाच्या पिशवीची कातडी आत वळवणार असतील, तर तिच्यावरचा केस आतही वाढतच राहतो. त्याला काय ठाऊक आपण कुठे आलोय! मग आत गुंता होतो, स्राव अडकतो, वास येतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तिथवर लेझर किंवा सुई नेणं महाकठीण. आतड्याचा तुकडा वापरणार असतील तर आतल्या केसांची चिंता बहुतेक मिटते. टेबलावर कातडी पातळ करून मुळं जाळतात हे खरं, पण एका दमात सगळी मुळं हाती लागतीलच असं नाही.

कातडी वापरणार असतील तर कुठले केस काढायचे ते सर्जनकडूनच पेनने आखून घे, मोबाइलवर फोटो काढ. मी उत्साहाच्या भरात जांघेपर्यंत सगळंच भादरायला निघाले होते. बाजूची कातडी बाहेरच राहते, तिथले केस राहिले तरी बिघडत नाही.

लेझर केसातला काळा रंग पकडतो. आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग, म्हणून मशीन कुठलं ते विचार. गडद कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग त्यातल्या त्यात सुरक्षित. ठाण्यातल्या एका पार्लरमध्ये स्वस्त पडतं म्हणून मी आयपीएल करून घेतलं (क्रिकेट नव्हे, झगमगाटी दिव्याचं मशीन), आणि मांडीवरचे काळे डाग कित्येक महिने मिरवले. पांढऱ्या केसांपुढे लेझर हात टेकतो, तिथे इलेक्ट्रोलिसिसच. एकेका मुळात सुई घालून करंट देतात. वेळखाऊ, दुखरं, पण अमेरिकेचं एफडीए (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) 'कायमचं' हा शब्द फक्त यालाच लावू देतं. लेझरला 'कायमची घट' म्हणतात.

घाईचं कारण वेगळंच आहे. सीटिंगच्या दिवशी वाढीला लागलेले केसच मरतात, बाकीचे झोपलेले असतात. म्हणून दोन सीटिंगच्या मधे चार ते आठ आठवडे जातात, आणि शेवटी काय परत उगवतंय ते बघायलाही वेळ हवा. वर्ष धर. म्हणजे आत्ताच लाग.

मधल्या काळात वॅक्स, चिमटा नको, रेझर चालेल. बधिर करणारं मलम किती लावायचं ते डॉक्टरांना विचार, भसाभस फासून प्लास्टिक गुंडाळू नकोस, अंगात भिनलं तर जिवावर बेतू शकतं. आणि घरी जाताना रिक्षा नको गं! घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी मला रडवलंय. लोकलने जा, उभी राहून.

खर्चाचं म्हणशील तर २०१९च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम १५मध्ये विम्याच्या संदर्भात लेझरचा स्पष्ट उल्लेख आहे. माझ्या विमेवाल्यांनी 'कॉस्मेटिक' असा शेरा मारून कागद परत पाठवले. तरी तू पावत्या जपून ठेव.

अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवरच स्पष्ट सांग की ट्रान्स बाई आहे, शस्त्रक्रियेआधी अमुक भागाचं करायचंय. समोरची गडबडली, हसली, तर फोन ठेवून दुसरीकडे लाव. मला तिसऱ्या ठिकाणी "या ना, शनिवारी चालेल?" असं ऐकू आलं होतं.