कॅम्प नोव्हेंबरात, प्रॅक्टिकलही नोव्हेंबरात!

प्रश्न : मॅडम, मी एसवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री. सहावीपासून खो-खो खेळते. गेल्या वर्षी युनिव्हर्सिटी टीममध्ये सिलेक्शन झालं, वेस्ट झोनची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आले, पण त्या नादात प्रॅक्टिकल बुडाली आणि दोन विषयांत एटीकेटी लागली. यंदाही कॅम्प नोव्हेंबरातच लागेल असं सर म्हणतायत आणि परीक्षाही तेव्हाच. पप्पा म्हणतात पुरे झाला खेळ, आधी डिग्री कर. मला दोन्ही हवंय. रोज पहाटे ४ ला उठून अभ्यासाला बसते पण मग लेक्चरला डोळे मिटतात आणि संध्याकाळी ग्राउंडवर पाय उचलत नाहीत. काय करू?
– एक खेळाडू, सातारा जिल्हा

उत्तर : सगळ्यात आधी ते पहाटे ४ ला उठणं बंद कर. संध्याकाळी प्रॅक्टिस, मग हॉस्टेल, जेवण, झोपायला अकरा, आणि चारला परत उठायचं म्हणजे पाच तास झोप. खो-खोत पोलवर वळताना, अचानक दिशा बदलताना सगळा भार गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो, थकलेल्या पायानं तेच केलं की दुखापत ठरलेली. गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर ऑपरेशन धरून साधारण नऊ महिने तरी मॅच विसर. झोप ही प्रॅक्टिसच आहे असं समज आणि ती सात-आठ तास घेच.

आता मुद्द्याचं. एटीकेटी कशामुळे लागली ते तूच लिहिलंयस, प्रॅक्टिकल बुडाली. कितीतरी चांगल्या खेळाडू मुलींचं वर्ष असंच अडकलेलं मी पाहिलंय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण थिअरी नसतं, तर इंटर्नल, सबमिशन आणि जर्नल हे असतं. थिअरी ट्रेनमध्ये बसून वाचता येते गं, टायट्रेशन ट्रेनमध्ये नाही करता येत. ब्युरेट हातात धरून, थेंब थेंब सोडत, रंग नेमका कुठे बदलतो ते स्वतःच्या डोळ्यांनीच बघावं लागतं, मैत्रिणीच्या वहीतून रीडिंग उतरवून ते येत नाही, आणि परीक्षेला बाहेरचे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, समोर उभे राहिले की ते लगेच उघडं पडतं. शिवाय जर्नल सर्टिफाय नसेल तर प्रॅक्टिकलला बसायचीच पंचाईत.

म्हणून तुझं खरं काम जुलै-ऑगस्टमध्ये आहे, नोव्हेंबरात नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा कधी आणि कुठे, याचं कॅलेंडर भारतीय विद्यापीठ संघ म्हणजे एआययू काढतं. पुढे तारखा थोड्या इकडेतिकडे होतात पण अंदाज येतो. ते कॅलेंडर आणि कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक शेजारी ठेव आणि जिथे टक्कर होतेय तिथे लाल खूण कर. मग फिजिकल डायरेक्टर सरांकडून सही-शिक्क्याचं पत्र घे, त्यात कॅम्पच्या आणि मॅचच्या तारखा हव्यात, आणि ते हेड ऑफ डिपार्टमेंट, क्लास टीचर, परीक्षा विभाग या तिघांना दे. तुझ्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का मारून घ्यायला अजिबात लाजू नकोस. तोंडी "हो हो बघू" म्हटलेलं परीक्षेच्या वेळी कुणाच्याच लक्षात राहत नाही, त्यात त्यांची चूकही नसते, शंभर मुलं असतात त्यांच्यासमोर.

हेडना एकच गोष्ट माग. तुझी बॅच सोमवारी असेल तर गुरुवारच्या बॅचबरोबरही तुला बसू द्या म्हणावं, म्हणजे कॅम्पच्या आधीच चार-पाच प्रॅक्टिकल पुढची होऊन जातील. लॅब असिस्टंटशी नीट बोल, सामान काढून देणारा माणूस तोच आहे. माझा अनुभव असा की सवलत मागणाऱ्या मुलीला शिक्षक नाही म्हणतात, पण "मी आधीच करून टाकते" म्हणणाऱ्या मुलीला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

पेपरच मॅचच्या दिवशी आला तर? काही विद्यापीठांत अशा खेळाडूंची परीक्षा नंतर घेतली जाते, पण ती आपोआप मिळत नाही, प्राचार्यांमार्फत आधी अर्ज गेला पाहिजे. मॅच खेळून आल्यावर सर्टिफिकेट दाखवत फिरलीस तर खूप उशीर झालेला असतो. खेळाचे क्रेडिट आणि सवलतीचे गुण यांचंही तेच, जिमखान्यात जाऊन फॉर्मची शेवटची तारीख विचार. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला को-करिक्युलर म्हणून क्रेडिट आहेत, ते का सोडायचे?

आता पप्पा. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना तुझ्या पोटापाण्याची काळजी आहे. त्यांना एवढंच सांग की महाराष्ट्रात सरकारी नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्या पदाला जी शैक्षणिक पात्रता लागते ती खेळाडूलाही लागतेच. म्हणजे डिग्री नसेल तर पदवीच्या पोस्टसाठी मेडल कामाला येत नाही, आणि खेळ सोडलास तर आरक्षण गेलं. दोन्ही मिळूनच तुझं करिअर आहे. तुमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल धावली, दहावी आली, आणि पुढे डेप्युटी कलेक्टर झाली. खो-खोही आता गावापुरता राहिलेला नाही, जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्डकप झाला, त्यात आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं आणि कॅप्टन होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पप्पांना ती मॅच दाखव.

आणि हो, सर्टिफिकेट! प्रत्येक स्पर्धेचं ओरिजिनल एका फाईलमध्ये ठेव, नाव आणि जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच आहे का ते हातात मिळाल्या मिळाल्या बघ. आरक्षणासाठी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि तिथे स्पेलिंगच्या एका चुकीनं फाईल अडकते. कुठल्या पातळीची स्पर्धा कुठल्या गटाच्या पदाला चालते हे शासन निर्णयात दिलेलं आहे, ते सरांबरोबर बसून वाच.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, ८०० मीटर धावतो. कोच म्हणतात रेग्युलर कॉलेज सोड, मुक्त विद्यापीठातून बीए कर म्हणजे दोन्ही वेळ प्रॅक्टिस होईल. ऐकावं का?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, घाई करू नका. मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीत काही कमी नाही, आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय आणि नोकरी करून शिकलेली कितीतरी माणसं तिथूनच पुढे गेलीत. पण आधी तीन गोष्टी बघा. एक, मुलाला स्वतःला काय हवंय ते कोच समोर नसताना विचारा. दोन, त्याचा टायमिंग गेल्या वर्षभरात किती खाली आलाय ते वहीत बघा, तोंडी नको. तीन, आंतरविद्यापीठ स्पर्धेला कोण पात्र असतो, बारावीनंतर किती वर्षं खेळता येतं आणि कॉलेज बदललं तर काय होतं, हे नियम विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जाऊन लेखी मागा, कारण प्रवेश रद्द झाल्यावर कळून उपयोग नाही. ८०० मीटरवाल्याला दोन वेळची प्रॅक्टिस लागते हे कोचचं बरोबर आहे, पण पहिल्या वर्षी सकाळचं सेशन पूर्ण आणि संध्याकाळी हलकं, आणि मुख्य ट्रेनिंग परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत, असं एक सेमिस्टर करून बघा. त्यानंतर कोच, मुलगा आणि तुम्ही दोघं असे चौघं बसून ठरवा, तोपर्यंत प्रवेश रद्द करायचा फॉर्म भरू नका.